पांढरीच्या पोटातला पुरावा आणि ड्रोनचा डोळा

आपल्या खेड्यातल्या माणसाने जमिनीला दोन नावे दिली आहेत. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. पांढरीचा रंग निसर्गाचा नाही, तो माणसांच्या वस्तीचा आहे. पिढ्यान् पिढ्या चुलीतली राख, गुरांचे शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती, चुन्याची जमीन, फुटलेली मडकी, हाडे आणि कोळसा एकावर एक साचत गेले की तिथली माती पांढुरकी आणि भुसभुशीत होते. गाव उठून जाते, नाव पुसले जाते, पण पांढर तशीच राहते. महसुलाच्या दप्तरात अशा उठलेल्या गावाला 'रिठी' म्हणतात. ही माती कसदार असते, म्हणून ती खोदून, ट्रॉलीत भरून शेतात खत म्हणून पसरली जाते. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही. पण या ट्रॉलीबरोबर इतिहासाचा पुरावा निघून जातो आणि तो परत येत नाही, हे आता स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात पाचखेड नावाचे गाव आहे. तिथल्या अशाच एका टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने 2023-24 मध्ये उत्खनन केले. वस्तीचे थर पावणेनऊ मीटरच्या आसपास खोल गेले. सर्वांत खाली लोहयुग, म्हणजे आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. त्यावर सातवाहन काळ, त्यावर मध्ययुग आणि सर्वांत वर निजामाच्या अमलाचा काळ. लोहयुगाच्या थरात चुन्याची जमीन आणि भोवती लाकडी खांब असलेल्या घराचे अवशेष मिळाले. ज्या जिल्ह्याचे नाव देशाला फक्त शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत ऐकू येते, त्या जिल्ह्यात तीन हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणारी माणसे घरे बांधून राहत होती. ती कोण होती, काय पिकवत होती, कोणाला मानत होती, याचे उत्तर कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. ते फक्त मातीत आहे.

प्रश्न असा आहे की अशी पाचखेडे या जिल्ह्यात किती आहेत? इंग्रज सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी 1897 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. अशा याद्यांत प्रामुख्याने काय येते? जे जमिनीवर उभे आहे ते. हेमाडपंती देऊळ येते, किल्ला येतो, कबर येते, लेणे येते. म्हणजे ज्याच्याकडे दगड घडवण्याइतकी सत्ता आणि संपत्ती होती त्याची नोंद झाली. ज्यांनी मातीच्या भिंतीत जन्म काढला, ज्यांचे विहार विटांचे होते आणि त्या विटाही पुढे लोकांनी घरांसाठी उपसून नेल्या, त्यांची नोंद कशी होणार? ज्यांना लिहिण्याचा अधिकार नाकारला गेला त्यांचा इतिहास जमिनीखाली आहे. म्हणून जमिनीखालचे पाहण्याचे साधन हा आपल्यासाठी हौसेचा विषय नाही, हक्काचा विषय आहे.

असे साधन आज उपलब्ध आहे. जमिनीखाली काय आहे हे पीक स्वतः सांगते, फक्त ते वरून पाहावे लागते. जमिनीखाली जुना खंदक, खड्डा किंवा बुजलेली विहीर असेल तर तिथली भर मऊ असते, ओल धरते आणि मुळे खोल जातात. त्यावरचे पीक उंच होते आणि जास्त दिवस हिरवे राहते. उलट खाली विटांची भिंत, दगडी पाया किंवा चुन्याची जमीन असेल तर मुळांना जागा मिळत नाही. पाऊस ताणला की तिथले पीक आधी खुजे होते आणि आधी पिवळे पडते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला यातले काही कळत नाही, कारण त्याला चार तासे हिरवी आणि चार तासे पिवळी एवढेच दिसते. शंभर मीटर उंचीवरून पाहिले तर त्याच पिवळ्या रेघा एकत्र येऊन चौकोन होतो, वर्तुळ होते, रस्ता होतो.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमध्ये 1925 साली इन्सॉल नावाच्या वैमानिकाला एका शेतात ठिपक्यांची वर्तुळे दिसली. पुढे उत्खनन झाले तेव्हा ते प्राचीन लाकडी खांबांचे खड्डे निघाले. आज ती जागा 'वुडहेंज' म्हणून प्रसिद्ध आहे. आयर्लंडमध्ये 2018 च्या जुलैत मोठा दुष्काळ पडला. तेव्हा न्यूग्रेंजजवळच्या शेतांवर दोघांनी ड्रोन उडवला आणि तोपर्यंत कोणालाही ठाऊक नसलेले एक भले मोठे प्राचीन वर्तुळ सुकत्या पिकात उमटलेले दिसले. विमानाचे काम आता दोन-चार किलोच्या यंत्राने होते, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पानाला ताण बसला की हे प्रमाण बिघडते, आणि पुष्कळदा ते डोळ्यांना पिवळेपणा दिसण्याच्या आधीच बिघडते. ड्रोनवर हे दोन्ही प्रकाश वेगवेगळे टिपणारा कॅमेरा बसवला तर प्रत्येक हातभर जागेचा हिरवेपणा आकड्यात मांडता येतो. शेतीतज्ज्ञ हाच आकडा पिकाचा रोग ओळखण्यासाठी वापरतात. पुरातत्त्वाचा अभ्यासक तोच आकडा घेऊन विचारतो की, रोग नाही, खत सारखे आहे, पाणी सारखे आहे, मग इथेच पीक का रुसले?

आपल्या देशातही उंचावरून पाहण्याचे काम झाले आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील डॉ. एम. बी. रजनी यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून नालंदा महाविहाराच्या विस्ताराचा अभ्यास केला आणि तो 2016 साली प्रसिद्ध झाला. आज तिकीट काढून जो भाग आपण पाहतो त्याच्या पलीकडेही शेतांखाली आणि गावांखाली नालंदा पसरलेली आहे, हे त्यातून पुढे आले. नालंदेच्या बाबतीत जे करता येते ते वर्धा, बेंबळा, अरुणावती आणि पैनगंगेच्या काठावर का करता येऊ नये?

करता येईल, पण आपल्या मातीचा विचार करून. यवतमाळची जमीन म्हणजे कापसाची काळी माती. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पिकाला ताण उशिरा बसतो. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. इंग्लंडच्या गव्हात जितके स्पष्ट चित्र उमटते तितके आपल्याकडे उमटेलच असे नाही. कपाशी अंतर सोडून लावतात, तिच्या ओळींतली रिकामी जागा चित्र तोडते. दाट पेरलेले सोयाबीन, हरभरा आणि गहू त्यापेक्षा बरे. पाऊस उघडल्यानंतर सोयाबीन पिवळे पडू लागते तो काळ, आणि रब्बीत कोरडवाहू हरभऱ्याला ओल कमी पडू लागते तो काळ, हे उड्डाणाचे दिवस ठरवावे लागतील. नांगरटीनंतर उघड्या रानातला मातीचा रंगही टिपावा लागेल, कारण काळीत मिसळलेली पांढर वरून फिक्या डागासारखी दिसते. एका उड्डाणाने काम भागणार नाही. एकच शेत दोन-तीन हंगामांत पाहावे लागेल.

आता एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना सांगितली पाहिजे. ड्रोनला स्तूप दिसत नाही. ड्रोनला फक्त पिकातला फरक दिसतो. पिकात वर्तुळ उमटले म्हणजे खाली स्तूप आहे असे होत नाही. ते विदर्भात सापडणारे लोहयुगीन शिळावर्तुळ असू शकते, जुन्या गढीचा बुरूज असू शकतो, आणि आजोबांच्या वेळचे खळेही असू शकते, कारण खळ्याची जमीन चोपून घट्ट केलेली असते. सरळ रेघ ही जुन्या विहाराची भिंत असेल किंवा मोडलेला धुरा असेल, नाही तर गाडलेली पाण्याची नळी. म्हणून ड्रोनने दाखवलेल्या जागी आधी पायी फिरून खापरांची नोंद करायची, मग चुंबकीय किंवा विद्युत मोजणी करायची, आणि शेवटी जाणकारांनी शास्त्रशुद्ध चाचणी-खड्डा घ्यायचा. ड्रोन बोट दाखवतो, साक्ष कुदळच देते. न्यायालयाच्या भाषेत बोलायचे तर ड्रोनचे चित्र हा तपासाचा धागा आहे, सिद्ध झालेला पुरावा नव्हे.

आज मोबाईलवर कोणीही कुठल्याही देवळाचा फोटो टाकतो आणि खाली 'हा बौद्ध विहार' असे लिहून मोकळा होतो. त्याने विरोधकाचे काम सोपे होते. दहा दाव्यांतला एक खोटा ठरला की तो उरलेल्या नऊ खऱ्या दाव्यांनाही हसतो. रामटेकजवळच्या मनसरचे उदाहरण आपल्यासमोर आहे. भदन्त सुरई ससाई यांच्या पुढाकाराने तिथे उत्खनन झाले आणि फार मोठे अवशेष उजेडात आले. परंतु ते बौद्ध की वाकाटकांचे, शैव मंदिर की विहार, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. अशा वादात घोषणा कामी येत नाहीत. कोणत्या थरात काय मिळाले, कोणत्या विटेला काय चिकटलेले होते, याची नोंद कामी येते. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. पुराव्याच्या साखळीतले दुवे हरवलेले असतात तेव्हा अभ्यासकाने तर्क कसा करावा आणि त्या तर्काची मर्यादा कशी मान्य करावी, हे त्यांनी तिथे मांडले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांची शिस्तही घेतली पाहिजे. उद्या यवतमाळच्या शेतात ड्रोनने विहार दाखवला तर तो आपण जगाला दाखवू; आणि आदिवासींची जुनी वस्ती, मुस्लिम अमलातली गढी किंवा शिवमंदिर दाखवले तर तेही त्याच प्रामाणिकपणे नोंदवू. या जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात. त्यांच्या पूर्वजांचा पुरावाही याच मातीत आहे.

आणि मिळण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला 'जगन्नाथ टेकडी' या नावाखाली एक मोठा स्तूप दबून होता. 1969-70 मध्ये पुरातत्त्व खाते आणि नागपूर विद्यापीठाने खोदले तेव्हा तो बाहेर आला. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या पथकाने या शतकाच्या पहिल्या दशकात विटांचा स्तूप शोधून काढला, वस्तीत भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. आणि हे सारे कुठे? जिगाव धरणाच्या प्रस्तावित बुडीत क्षेत्रात! प्रकल्प आधी आखला गेला आणि स्तूप नंतर सापडला. क्रम उलटा असता, तर आराखडा करतानाच या जागेचा विचार करणे भाग पडले असते.

यवतमाळमध्ये हाच उलटा क्रम चालू राहणार का, हा आजचा खरा प्रश्न आहे. वणीच्या बाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी डोंगराएवढी माती उपसतात. बेंबळा प्रकल्पाचे कालवे बाभुळगाव तालुक्यातच सुरू होतात. निम्न पैनगंगा धरणाला नदीकाठची गावे वर्षानुवर्षे विरोध करत आली आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचे काम चालू असून वर्धा ते कळंब गाडी 2024 च्या फेब्रुवारीत सुरूही झाली. खाण, कालवा, रेल्वे, रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की यंत्र लागण्याआधी एकदा वरून पाहा.

कायद्यात यासाठी जागा आहे, पण फट त्याहून मोठी आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखालील अर्जात प्रकल्पाच्या आसपास कायद्याने संरक्षित अशी सांस्कृतिक महत्त्वाची जागा आहे का, असे विचारले जाते. पण जी जागा सापडलीच नाही ती संरक्षित कशी असणार? म्हणून तिथे 'नाही' लिहिले जाते, आणि ते 'नाही' कागदोपत्री खरेही असते. न शोधता दिलेले हे 'नाही' म्हणजे पुराव्याचा अभाव. त्याला अवशेषांचा अभाव समजणे ही शुद्ध फसवणूक आहे. मोठ्या प्रकल्पाच्या जमिनीचे पिकांवरून हवाई सर्वेक्षण झाल्याशिवाय ते 'नाही' स्वीकारू नये, अशी अट सरकारने घातली पाहिजे.

इथे शेतकऱ्याच्या मनातली भीती उघड बोलली पाहिजे. 'माझ्या वावरात जुने काही निघाले तर सरकार वावर घेईल,' असे तो म्हणतो. म्हणून खापर दिसले की तो गप्प बसतो आणि वीट निघाली की फोडून टाकतो. दोन-तीन एकरांवर जगणाऱ्या कास्तकाराची ही भीती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. पण कायदा काय म्हणतो ते त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. 1958 च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाखाली एखादी जागा संरक्षित जाहीर झाली म्हणजे मालकी आपोआप सरकारकडे जात नाही. जाहीर करण्याआधी नोटीस काढावी लागते आणि आक्षेपासाठी दोन महिने द्यावे लागतात. कलम 19 प्रमाणे संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, खोदकाम करता येत नाही, परंतु एक फुटापेक्षा खोल खणावे लागत नाही अशी शेती चालू ठेवता येते. उत्खननामुळे किंवा जागेत प्रवेश केल्यामुळे नुकसान झाले तर कलम 27 नुसार मोबदला द्यावा लागतो. सक्तीने संपादन करण्याची तरतूद आहे, ती नाही असे सांगणे खोटे ठरेल. तसेच 2010 च्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्थळाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आली आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच सरकारने आधी मोबदल्याची लेखी हमी द्यावी आणि मगच शेतावर ड्रोन पाठवावा. पेसा लागू असलेल्या गावांत ग्रामसभेला विश्वासात घेतल्याशिवाय पाठवूच नये. शेतकऱ्याला आरोपी करून मिळवलेला इतिहास आम्हाला नको आहे.

पैसा नाही, यंत्र नाही, ही सबब आता चालणार नाही. 'स्वामित्व' योजनेत 2020 पासून गावठाणांवर ड्रोन उडवून मिळकत पत्रिकांसाठी नकाशे केले गेले. कित्येक जुनी टेकाडे गावठाणाखालीच आहेत. त्या मोजणीतली जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती विद्यापीठाच्या अभ्यासकांना द्यायला अडचण काय? फवारणीचे ड्रोन बचत गटांच्या महिलांच्या हाती देण्याची योजना केंद्राने 2023 साली मंजूर केली. खेड्यातली बाई ड्रोन चालवायला शिकली असेल, तर त्यावर छायाचित्रणाचा कॅमेरा लावून ती मोजणीही करू शकेल. 2021 च्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रातल्या उड्डाणाची परवानगीही सोपी केली आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची दहा मीटर बारकाव्याची चित्रे तर साधारण दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. यवतमाळच्या महाविद्यालयातला विद्यार्थी संगणकावर बसून आधी मोठी टेकाडे हेरू शकतो. ड्रोन त्यानंतर, नेमक्या जागी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. राज्य पुरातत्त्व संचालनालय आणि नागपूर विद्यापीठाने मिळून यवतमाळ जिल्ह्यातल्या नदीकाठांचे हंगामवार हवाई सर्वेक्षण करावे, सुरुवात पाचखेडच्या परिसरापासून करावी. तिथे जमिनीखाली काय आहे हे उत्खननाने कळलेले आहे. त्यामुळे आपल्या काळ्या मातीत पिकाची साक्ष कितपत खरी ठरते हे तिथेच तपासता येईल. अहवाल मराठीतही प्रसिद्ध व्हावा. मात्र नेमकी ठिकाणे जाहीर करताना संरक्षणाची व्यवस्था आधी व्हावी, नाही तर नकाशा पाहून गुप्तधन शोधणाऱ्यांच्या टोळ्या आधी पोहोचतील.

चळवळीच्या कार्यकर्त्यांनाही काम आहे, आणि त्यासाठी ड्रोनची वाट पाहायला नको. आपल्या तालुक्यातल्या रिठी, पांढरी, गढी आणि टेकाडांची यादी तलाठी दप्तरातून आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तयार करा. कुठे कोणते पीक दरवर्षी एकाच जागी आधी वाळते, हे शेतकऱ्याला विचारा. त्याला ते पाठ असते. खापरे उचलून घरी नेऊ नका, जागच्या जागी फोटो काढा. स्वतः खोदू नका, दुसऱ्याला खोदू देऊ नका. काही मौल्यवान निघाले तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. पांढरीची माती विकली जात असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, आणि प्रकल्पाच्या अर्जात 'नाही' कशाच्या आधारावर लिहिले हे माहितीच्या अधिकारात विचारा.

आम्हाला इतिहास नाही असे ज्यांनी सांगितले त्यांना भाषणाने उत्तर देऊन झाले. आता मोजणीने, नोंदीने आणि थरांच्या साक्षीने उत्तर द्यायचे आहे. येत्या हंगामात यवतमाळचे सोयाबीन पिवळे पडू लागेल तेव्हा वरून पाहणारा डोळा तिथे असला पाहिजे. त्यासाठीचे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पुरातत्त्व संचालनालयात पेरणीच्या आधी पोहोचले पाहिजे.